घरच्या संगणकावरील डीएनएस बिघाड : निदान, मतभेद आणि अनुत्तरित प्रश्न

संकेतस्थळाचे नाव लिहून एंटर दाबले की पान उघडण्याआधी त्या नावामागचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, शोधावा लागतो. हे काम डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस, करते. ते अडले तर वायर शाबूत, वाय-फायच्या दांड्या पूर्ण, रिचार्ज चालू, आणि तरीही काहीच उघडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अशा वेळी एकच निदान ऐकू येते : 'सर्व्हर डाऊन आहे.' अकोले तालुक्यात सातबारा निघत नसो, संगमनेरात प्रवेशाचा अर्ज भरला जात नसो की सावेडीत पोराचा ऑनलाइन वर्ग उघडत नसो, कारण तेच सांगितले जाते. यांतले काही बिघाड खरोखरच समोरच्या सर्व्हरचे असतात. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मंडळाचे संकेतस्थळ रखडते तेव्हा नाव नीट सापडलेले असते. एकाच वेळी लाखो लोक आल्याने पान येत नाही. उरलेल्यांपैकी पुष्कळ बिघाड मात्र नावशोधाचे असतात. त्यांचा उगम घरातल्या संगणकात, राउटरमध्ये, केबलवाल्याकडे किंवा पार दूर कुठेही असू शकतो.

२०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण शहराचा पिनकोड ४१४००१ हाच राहिला. डीएनएसमध्ये याच्या नेमके उलट घडते. नाव कायम राहते आणि त्यामागचा आकडा संकेतस्थळाचा मालक हवा तेव्हा बदलतो. जुना आकडा कोणी किती वेळ लक्षात ठेवायचा आणि नवा कोणाकडून घ्यायचा, या दोन प्रश्नांपाशी घरगुती तक्रारींचा बराच मोठा भाग येऊन ठेपतो.

पार्श्वभूमी

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडे ती फाइल होती आणि जाळ्यातले सगळे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत झेपेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी रचना मांडली आणि १९८७ च्या आरएफसी १०३४ व १०३५ या दस्तऐवजांनी तिला आजचे रूप दिले. या रचनेच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरांची नावे तेरा, त्यांच्या प्रती मात्र जगभर पसरलेल्या. भारतातही मुंबई, दिल्ली, चेन्नई येथे त्या आहेत. मुळाखाली 'डॉट इन', त्याखाली 'जीओव्ही डॉट इन', अशा पायऱ्या उतरत शेवटच्या नावापर्यंत पोचायचे असते. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद जपून ठेवायचे याचा आकडा येतो. ती मुदत संपेपर्यंत वाटेतला कोणीही पुन्हा विचारत नाही, साठवलेले उत्तरच पुढे देतो.

जुनी एकच फाइल मात्र पुरती गेली नाही. 'होस्ट्स' या नावाने ती आजही प्रत्येक विंडोज, मॅक आणि लिनक्स संगणकात असते आणि डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात पाहिले जाते. कधी काळी एखाद्या सॉफ्टवेअरचे सक्रियीकरण चुकवण्यासाठी किंवा जाहिराती अडवण्यासाठी तिच्यात घातलेली ओळ वर्षानुवर्षे तशीच पडून राहते आणि एखादेच संकेतस्थळ एकाच संगणकावर का उघडत नाही याचे कोडे घालते.

मूळ रचनेत उत्तर खरे की खोटे हे तपासण्याची सोय नव्हती. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिले की खोटे उत्तर रिझॉल्व्हरच्या, म्हणजे नावे शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या, साठ्यात घुसवणे समजले जात होते त्याहून फार सोपे आहे. त्यानंतर सही केलेल्या उत्तरांच्या पद्धतीला, डीएनएससेकला, जोर आला आणि १५ जुलै २०१० रोजी मूळ विभागावर सही झाली. पडताळणी आली तसे बिघाडाचे एक नवे कारणही आले. सहीत चूक झाली, तर पडताळणी करणारा रिझॉल्व्हर त्या नावाचे उत्तर देतच नाही. न करणारा बिनदिक्कत देतो. एकाच गल्लीत दोन घरांत दोन अनुभव येतात ते काही वेळा यामुळे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या डायल-अपच्या दिवसांत डीएनएसचे आकडे अनेकदा हाताने भरावे लागत, त्यामुळे ते कुठे असतात हे वापरणाऱ्याला माहीत असे. आता राउटर ते आपोआप देतो. सोय झाली, पण बिघाड झाल्यावर कुठे बघायचे ही माहिती घराघरातून गेली.

विचारणेचा प्रवास

'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' हे नाव लिहिले असे धरू. ब्राउझर आधी स्वतःच्या साठ्यात पाहतो. तिथे नसेल तर संगणकाच्या साठ्यात आणि होस्ट्स फाइलमध्ये शोध होतो. तिथेही नसेल तर संगणक त्याला नेमून दिलेल्या डीएनएस सर्व्हरकडे वळतो, आणि घरगुती जाळ्यात हा सर्व्हर बहुधा राउटरच असतो : १९२.१६८.१.१ किंवा तत्सम. राउटर स्वतः काही शोधत नाही, विचारणा सेवा देणाऱ्या कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे सरकवतो. खरी पायपीट हा रिझॉल्व्हर करतो. मुळापासून खाली उतरत सरकारी नावांच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर त्याच वाटेने माघारी येते.

जिल्ह्यातल्या घरांत ही साखळी बऱ्याचदा आणखी लांबलेली असते. केबलवाल्याने फायबरसोबत बसवलेला डबा, त्यापुढे दुकानातून आणलेला दुसरा राउटर, आणि माडीवर रेंज जावी म्हणून तिसरे यंत्र. तिन्ही यंत्रे डीएनएसचे मध्यस्थ बनू शकतात, आणि तिघांपैकी कोणाचा पासवर्ड कोणाकडे आहे हे घरात सहसा ठाऊक नसते.

अपयशाचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांची गल्लत होते. उत्तरच न येणे हा पहिला प्रकार. वाट तुटली आहे किंवा रिझॉल्व्हर बंद आहे. 'असे नावच नाही' हे उत्तर, तांत्रिक भाषेत एनएक्सडोमेन, हा दुसरा. इथे यंत्रणा व्यवस्थित चालू असते. 'सर्व्हफेल' म्हणजे रिझॉल्व्हरने प्रयत्न केला पण खात्रीचे उत्तर मिळाले नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे त्याने तुमचे काम करायलाच नकार दिला. एका कंपनीचे डीएनएस आकडे घालून ठेवलेला लॅपटॉप दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर नेला की हे दिसू शकते. आणि पाचवा, सर्वांत फसवा प्रकार : उत्तर येते, पण चुकीचे.

निदानाचा क्रम

कोणत्या क्रमाने तपासावे याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. आधी बिघाड नावशोधाचाच आहे ना हे पाहायचे. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली आणि संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. डीएनएसच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पत्ता ठीक असेल तर गुगलच्या ८.८.८.८ सारख्या आकड्याला 'पिंग' करून पाहतात. आकड्याकडून उत्तर येते आणि नावाला येत नाही, म्हणजे दोष नावशोधात. आकड्यालाही येत नसेल तर जोडणीच बंद. (काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये.) त्याच जाळ्यावरच्या दुसऱ्या यंत्रावर तेच नाव उघडून पाहणे आणि संगणकाला फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहणे, या दोन साध्या चाचण्यांनी दोष संगणकात की जोडणीत हे कळते.

एकच नाव तपासून निष्कर्ष काढू नये, हे ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री जगाला दिसले. भारतात नऊ वाजून गेले होते. फेसबुकच्या जाळ्यात झालेल्या चुकीमुळे त्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारे मार्गच जागतिक नकाशावरून पुसले गेले. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले. ज्यांनी राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केला त्यांच्या घरात काहीही बिघडलेले नव्हते.

पुढची पायरी 'एनएसलुकअप'. ही आज्ञा नावासह दिली की पहिल्या दोन ओळींत कोणाला विचारले ते दिसते : 'सर्व्हर : अननोन', 'ॲड्रेस : १९२.१६८.१.१'. 'अननोन' वाचून अनेक जण इथेच थबकतात. त्याचा अर्थ एवढाच की राउटरच्या आकड्याला उलट दिशेने शोधल्यावर नाव सापडले नाही. घरात ते सहसा नसतेच. खाली 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर' असे येते, तेही दोषाचे लक्षण नाही. उत्तर मूळ मालकाकडून थेट न येता मधल्याकडून आले, इतकेच. मग तीच विचारणा शेवटी ८.८.८.८ जोडून करतात. राउटरकडून उत्तर नाही आणि बाहेरून आहे, तर दोष राउटरचा किंवा सेवा कंपनीच्या रिझॉल्व्हरचा.

मतभेद सुरू होतो तो या साधनावरून. एनएसलुकअप आपली विचारणा स्वतंत्रपणे करते. विंडोजचा साठा आणि होस्ट्स फाइल यांना बगल देते. त्यामुळे तिथे उत्तर बरोबर आणि ब्राउझरमध्ये मात्र चूक, असे घडू शकते. काही तज्ज्ञ 'डिग' हे साधन पसंत करतात, कारण ते उत्तराचा प्रकार, उरलेली मुदत आणि लागलेला वेळ स्पष्ट दाखवते; पण तेही संगणकाच्या नेहमीच्या वाटेने जात नाही. विंडोजमधील पॉवरशेलची 'रिझॉल्व्ह-डीएनएसनेम' ही आज्ञा संगणक प्रत्यक्षात जे करतो त्याच्या अधिक जवळ आहे. बाइंड या प्रसिद्ध डीएनएस सॉफ्टवेअरच्या नवव्या आवृत्तीत एनएसलुकअप कालबाह्य म्हणून जाहीर झाले होते. पुढे तो शिक्का काढून घेण्यात आला. जे साधन प्रत्येक विंडोज संगणकावर आधीपासून असते त्याला हटवणे सोपे नसते.

'साठा रिकामा करा' आणि 'राउटर बंद करून चालू करा' हे दोन सर्वांत लोकप्रिय उपाय. पहिल्याची मर्यादा अशी की 'आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस' संगणकाचा साठा पुसते. ब्राउझरचा वेगळा असतो, राउटरचा वेगळा, कंपनीचा तर हाताबाहेरचा. शिवाय 'नाव नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ साठवले जाते. १९९८ च्या आरएफसी २३०८ ने त्याचे नियम घातले. एखाद्याने दुकानासाठी नवे डोमेन घेतले आणि ते सुरू होण्याआधीच उघडून पाहिले, तर सुरू झाल्यावरही त्याच्याच घरी काही वेळ ते 'नसते'. राउटर बंद-चालू करण्याबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. फोनवर तक्रार घेणाऱ्याच्या दृष्टीने हा उपाय मिनिटाभरात अनेक तक्रारी मिटवतो. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने तो पुरावा पुसतो. राउटरला कोणता डीएनएस आकडा मिळाला होता आणि स्मृती भरली होती का, हे मग कळत नाही. तीच तक्रार दर आठवड्याला येत असेल तर बंद करण्याआधी राउटरच्या पानावरील आकडे टिपून ठेवणे अधिक उपयोगी.

वीज गेल्यानंतरचे दोन बिघाड या भागात वेगळे नोंदवण्याजोगे आहेत. घरातले यंत्र आधी उठते आणि बाहेरची जोडणी नंतर. अशा वेळी काही राउटर जुन्या किंवा रिकाम्या डीएनएस आकड्यानिशी बसून राहतात. दुसरा बिघाड जुन्या डेस्कटॉपचा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर वीज येताच तारीख काही वर्षे मागे जाते. त्या तारखेला आजची सुरक्षा प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नसतात, म्हणून संकेतस्थळे उघडत नाहीत आणि विचारणा सांकेतिक करून पाठवणारे गुप्त डीएनएस चालू असेल तर नावेही सापडत नाहीत. तारीख नीट करायला वेळेच्या सर्व्हरकडे जावे, तर त्याचे नाव शोधायला पुन्हा डीएनएस लागते. हाताने तारीख बदलून नवी सीआर २०३२ बॅटरी बसवली की सुटका होते, आणि हे कारण सुचेपर्यंत बरेच काही फॉरमॅट होऊन गेलेले असते.

रिचार्ज संपल्यावर जे होते तेही बिघाडासारखेच दिसते. काही सेवादाते मुदत संपलेल्या ग्राहकाला कोणतेही नाव विचारले तरी आपल्या पैसे भरण्याच्या पानाचा पत्ता देतात. संकेतस्थळ सुरक्षित जोडणीचे असेल तर पानाऐवजी प्रमाणपत्राचा इशारा येतो. ग्राहकाने बाहेरचा डीएनएस लावलेला असेल तर ते पान दिसतच नाही. फक्त 'नेट बंद' दिसते.

एक गैरसमज फार पसरलेला आहे : दुसरा डीएनएस आकडा भरून ठेवला की पहिला चुकल्यास दुसरा सावरतो. पहिल्याने उत्तरच दिले नाही तर दुसऱ्याला विचारले जाते, हे खरे. पण पहिल्याने 'असे नाव नाही' म्हटले तर ते अंतिम मानले जाते. म्हणजे चुकीचे उत्तर देणाऱ्या सर्व्हरवर दुसरा आकडा हा इलाज नाही.

राउटर : मध्यस्थ असावा की नसावा

घरगुती राउटर डीएनएसचे मध्यस्थ म्हणून किती विश्वासार्ह आहेत, हा जुना प्रश्न आहे. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या सुरक्षा समितीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरगुती आणि लहान कार्यालयांची २४ यंत्रे तपासली होती; डीएनएससेकच्या बाबतीत त्यातील जेमतेम पाव यंत्रे जशीच्या तशी निर्दोष ठरली. अनेकांना ५१२ बाइटपेक्षा मोठे उत्तर झेपत नव्हते. पुढच्या वर्षी आरएफसी ५६२५ मध्ये राउटर बनवणाऱ्यांसाठी नियम आले. २०२० च्या 'डीएनएस फ्लॅग डे' उपक्रमाने मोठ्या उत्तरांसाठी १२३२ बाइटची मर्यादा सुचवली, जेणेकरून वाटेत तुकडे होऊन ती हरवू नयेत. नव्या यंत्रांत हा दोष कमी झाला आहे. पण नगरच्या बाजारातून घेतलेला स्वस्त राउटर एकदा भिंतीवर चढला की जळेपर्यंत उतरत नाही, आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे कोणाच्या मनातही येत नाही.

एका मतानुसार संगणकांनी राउटरला वगळून थेट चांगल्या रिझॉल्व्हरला विचारावे. दुसऱ्या मतानुसार मध्यस्थ हवाच : एका ठिकाणी बदल केला की घरातल्या सगळ्या यंत्रांना लागू होतो, मुलांसाठी गाळणी लावता येते, आणि प्रिंटरसारख्या घरातल्याच यंत्रांची नावे बाहेर विचारली जात नाहीत. या घरगुती नावांसाठी 'डॉट लोकल' ही वेगळी पद्धत २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने आणली, तर २०२४ मध्ये आयकॅनने 'डॉट इंटर्नल' हे नाव खासगी वापरासाठी राखून ठेवले. तरीही वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची नावे सापडणे अजून नशिबावरच आहे.

सुरक्षेचा मुद्दा अधिक गंभीर. राउटरचा मूळचा पासवर्ड तसाच ठेवला तर घुसखोर आत शिरून डीएनएसचा आकडा बदलू शकतो आणि घरातला प्रत्येक फोन खोट्या पत्त्यावर जाऊ शकतो. २०११ मध्ये उघड झालेल्या 'डीएनएसचेंजर' प्रकरणात शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक सापडले होते. अमेरिकी तपास यंत्रणेने टोळी पकडल्यावर तिचे सर्व्हर लगेच बंद करता येईनात, कारण ते बंद होताच बाधित संगणकांचा नावशोधच थांबला असता. बदली सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडील मोडेमवर दुष्ट सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. मूळचे पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीने, आयपीव्ही६ ने, यात आणखी एक गाठ मारली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यापासून भारतात तिचा वापर झपाट्याने वाढला आणि आज भारत याबाबत जगात आघाडीवर आहे. घरातला राउटर संगणकाला जुन्या आवृत्तीचा एक आणि नव्या आवृत्तीचा एक, असे दोन प्रकारचे डीएनएस पत्ते देतो. माहितीच्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ८.८.८.८ भरला तरी फरक पडत नाही, याचे कारण बऱ्याचदा हेच : संगणक अजूनही नव्या आवृत्तीच्या पत्त्यावर राउटरलाच विचारत असतो.

कंपनीचा रिझॉल्व्हर की सार्वजनिक

ओपनडीएनएस २००६ मध्ये, गुगलचा सार्वजनिक डीएनएस डिसेंबर २००९ मध्ये, क्वाड९ २०१७ मध्ये आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा १ एप्रिल २०१८ रोजी आला. 'डीएनएस बदला' हा सल्ला तेव्हापासून घरोघरी पोचला. त्याच्या बाजूने मुद्दे भक्कम आहेत. हे रिझॉल्व्हर सहसा बंद पडत नाहीत आणि सह्या तपासतात. स्थानिक सेवादात्याचा रिझॉल्व्हर गर्दीच्या वेळी कोलमडला तर हाच एक पर्याय हाताशी असतो.

विरुद्ध मुद्देही तितकेच खरे. व्हिडिओ आणि मोठी संकेतस्थळे जवळच्या साठ्यातून दिली जातात आणि जवळचे कोणते हे अनेकदा रिझॉल्व्हर कुठे आहे यावरून ठरते. सेवादात्याने स्वतःच्या जाळ्यात असा साठा ठेवला असेल तर बाहेरच्या रिझॉल्व्हरमुळे ग्राहक लांबच्या साठ्याकडे जाऊ शकतो. यावर तोडगा म्हणून ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवण्याची पद्धत २०१६ च्या आरएफसी ७८७१ मध्ये नोंदवली गेली. गुगल ती वापरते. क्लाउडफ्लेअर खासगीपणाच्या कारणाने टाळते. वेग की गुप्तता, असा हा उघड सौदा आहे. शिवाय देशभरातल्या घरांची विचारणा दोन-चार परदेशी कंपन्यांकडे एकवटणे योग्य का, हा प्रश्न युरोपातही विचारला जातो. निदानापुरते बोलायचे तर सार्वजनिक आकडा हे उत्तम चाचणीसाधन आहे. तो कायमचा ठेवावा की नाही हा वेगळा निर्णय, आणि बहुतेक सल्ल्यांत या दोन्हींची सरमिसळ होते.

गुप्त विचारणा आणि अडवलेली नावे

मूळ डीएनएस उघड्यावर चालते. वाटेतल्या कोणालाही विचारणा वाचता येते. २०१६ मध्ये टीएलएस या सांकेतिक जोडणीवरून, तर २०१८ मध्ये सुरक्षित वेबच्या एचटीटीपीएसवरून डीएनएस नेण्याचे मानक आले. फायरफॉक्सने २०२० मध्ये अमेरिकेत दुसरी पद्धत आपोआप चालू केली. पॉल व्हिक्सी यांच्यासारख्या डीएनएसच्या जुन्या जाणकारांनी त्या पद्धतीला कडाडून विरोध केला : विचारणा सामान्य वेब वाहतुकीत मिसळून गेल्यावर आपल्याच जाळ्यात काय चालले आहे हे घरमालकालाही दिसत नाही. टीएलएसची पद्धत वेगळ्या दारातून जाते, म्हणून ती त्यांना मान्य. ब्रिटनमधील सेवादात्यांच्या संघटनेने तर २०१९ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला 'इंटरनेट खलनायक' या नामांकनात घातले आणि टीका झाल्यावर ते मागे घेतले. समर्थकांचे म्हणणे असे की सेवादाता विचारणा वाचतो आणि बदलतो हाच मूळ धोका आहे, आणि वेगळे दार बंद करणे सोपे असते.

निदानाच्या दृष्टीने परिणाम असा की एकाच संगणकावर एका ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडते आणि दुसऱ्यात नाही. पहिला स्वतःच्या गुप्त वाटेने जातो, दुसरा संगणकाच्या वाटेने. अँड्रॉइडमध्ये २०१८ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ची सोय आहे. तिथे कोणी एकदा नाव भरून ठेवले आणि पुढे एखाद्या जाळ्याने ती वाट बंद केली, तर त्या जाळ्यावर फोनचे नेटच बंद पडते.

चुकीच्या उत्तरांचा इतिहास व्यापारी आहे आणि सरकारीही. सप्टेंबर २००३ मध्ये 'डॉट कॉम' चा कारभार पाहणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने अस्तित्वात नसलेल्या 'डॉट कॉम' नावांना स्वतःच्या पानाचा पत्ता द्यायला सुरुवात केली आणि प्रचंड विरोधानंतर ते थांबवले. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली संकेतस्थळे अडवण्याचे आदेश निघतात, न्यायालयेही देतात; सेवादाते ते डीएनएसमधून खोटे उत्तर देऊन, वेब विचारणा अडवून किंवा जोडणीच्या सुरुवातीला दिसणाऱ्या नावावरून अमलात आणतात. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा मोठ्या सेवादात्यांची तुलना केली, तेव्हा अडवलेल्या संकेतस्थळांच्या याद्याही सारख्या नव्हत्या आणि पद्धतीही. याच कलमाखालील २००९ च्या नियमांतील १६ वा नियम या आदेशांबाबत गोपनीयता सांगतो. आदेश पाळणे सेवादात्याला बंधनकारक आहे, यावर वाद नाही. वाद आहे तो ग्राहकाला कारण कळावे की नाही यावर, कारण त्याला अडवलेले आणि बिघडलेले एकसारखेच दिसते.

उलट दिशेचाही एक प्रकार आहे. काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. पुण्या-मुंबईमार्गे अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाला गावची नोंद पाहता येत नाही, आणि गावातल्या ज्या संगणकावर व्हीपीएन परदेशी ठिकाणावर चालू राहिले त्यालाही नाही. नाव बरोबर सापडते. पुढची जोडणी होत नाही. व्हीपीएन काढल्यावर त्याचे डीएनएस आकडे मागे राहिले तर मात्र तो खरोखरच नावशोधाचा बिघाड असतो.

देवनागरी नावे

ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी नाव सुरू झाले आणि मराठीत डोमेन घेता येऊ लागले. डीएनएस आतून रोमन अक्षरांतच चालते. देवनागरी नावाचे एका ठरलेल्या संकेतात रूपांतर होते. इथे मराठीचा एक खास पेच आहे. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : खालच्या टिंबाच्या ऱ ने, किंवा साध्या र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडखुणेने. पडद्यावर दोन्ही सारखेच. संकेतात मात्र ती दोन वेगळी नावे होतात, आणि जुन्या नियमांनुसार चालणारे सॉफ्टवेअर जोडखूण गाळून तिसरेच नाव बनवते. 'ॲ' चेही तसेच : एक अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना बरोबर दिसणाऱ्या नावाला 'असे नाव नाही' हे उत्तर येते ते यामुळेही. अशा नावाची चाचणी ते पुन्हा टाइप करून होत नाही, कारण तोच कीबोर्ड तीच चूक करतो. मालकाने दिलेली लिंक जशीच्या तशी उतरवून पाहावी लागते. नोंदणी करताना सर्व रूपे एकाच मालकाला बांधून द्यावीत की कीबोर्डच एका रूपावर आणावेत, यावर भाषातंत्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे.

कारण कोणी सांगायचे

डीएनएसच्या मूळ उत्तरात कारणासाठी जागा फार थोडी. 'सर्व्हफेल' या एका उत्तरात तुटलेली सही, बंद पडलेला सर्व्हर आणि थकलेला रिझॉल्व्हर सगळेच येतात. ऑक्टोबर २०२० च्या आरएफसी ८९१४ ने यावर उपाय दिला : उत्तरासोबत कारणाचा वेगळा आकडा. सही खोटी निघाल्यास ६, सेवादात्याने स्वतःच्या धोरणाने अडवल्यास १५, बाहेरच्या आदेशाने अडवल्यास १६, ग्राहकानेच मागितलेल्या गाळणीमुळे अडल्यास १७. मोठे सार्वजनिक रिझॉल्व्हर यांतले काही आकडे पाठवतात आणि 'डिग' च्या नव्या आवृत्त्यांत ते वाचता येतात. घरच्या संगणकावरचा ब्राउझर मात्र अजून 'डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन' यासारख्या ओळीपुढे सहसा जात नाही. मधले राउटर हा जादा आकडा पुढे सरकवतील याची खात्री नाही. त्यातील मजकूर सही केलेला नसतो, म्हणून तो ग्राहकाला दाखवावा का, यावर ब्राउझर बनवणारे साशंक आहेत. वाटेतला कोणीही खोटे कारण चिकटवू शकतो. आणि सोळा क्रमांकाचे कारण पाठवायला भारतातला सेवादाता गोपनीयतेच्या नियमाखाली मोकळा आहे का, याचे स्पष्ट उत्तर नियमांच्या शब्दांतून मिळत नाही.